न गिळलेला तुकडा

प्रिय टिपकागद,

या नावाने आता तुला कोणी हाक मारत नसेल. माझा दादा तर तुला 'मोठ्या मॅडम' म्हणतो, आणि तुझा फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहतो, हे मी स्वतः पाहिलंय. माझ्यासाठी तू टिपकागदच आहेस. प्रयोगशाळेत कोणी काही सांडलं, ॲसिड असो की राग, तू मुकाट्याने पुढे होऊन टिपून घ्यायचीस, म्हणून मीच ते नाव ठेवलं होतं. बदल्यात तू माझं नाव शंकासूर ठेवलंस. तेव्हा या दोन्ही नावांचं आपल्याला हसू यायचं.

बाबांना परवा दवाखान्यातून घरी आणलं. खुब्याचं हाड मोडलेलं नाही, दुखावलंय. भुवईवर टाके आहेत. ते दादाकडेच असतात, म्हणून मीही सध्या इथेच आहे, आणि त्याच्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसून हे लिहितेय. दादाचं म्हणणं आहे की सोमवारपासून तुमच्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. माझं म्हणणं आहे की यापुढे एकही गोळी बाबांच्या पोटात जाता कामा नये. आणि बाबांच्या बाबतीत सही दादाची चालते. घरातली सगळी परिस्थिती एवढीच आहे. बाकी जे लिहितेय ते तुला माहीत आहे, पण माहीत असलेलं कोणीतरी पुन्हा समोर मांडावं लागतं, नाहीतर ते कोणालाच माहीत नाही असं होऊन बसतं.

तुला पहिला दिवस आठवतो का, असं लिहिणार होते. पण 'आठवतं का' हा प्रश्न आता आपल्या दोघींत विचारण्यासारखा राहिलेला नाही. मला आठवतो, तो मी सांगते. मी नवा पांढरा कोट घालून दारात उभी होते, बाह्या बोटांच्या पुढे आलेल्या. तू वर न बघता म्हणालीस, "आत ये, उंदीर चावत नाहीत, सर चावतात." मग तू मला उंदीर धरायला शिकवलंस: मानेखालून अंगठा, मागचं अंग तळहातावर, आणि पकड अशी की त्याला वाटावं आपल्याला कोणी सांभाळलंय. माझ्या हातातला पहिला उंदीर माझ्या कोटावर मुतला तेव्हा तू म्हणालीस, "झालं, पदवीदान झालं तुझं." मी घरी जाऊन हे सांगितलं तर बाबा खो खो हसले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी आपली बस सुरू करण्याआधी मागे वळून भरल्या गाडीला सांगितलं होतं की माझी मुलगी पदवीधर झाली. कोणीतरी मागून ओरडलं, "मग आज तिकीट माफ का?" बाबा म्हणाले, "तिकीट नाही माफ, पण आज ब्रेक हळू दाबतो."

त्याच आठवड्यात तू मला ती बाटली दाखवलीस. स्कोपोलामिन. पांढरी भुकटी, बघायला मिठासारखी. मी विचारलं की हे नेमकं करतं काय, आणि तू पुस्तकातलं न सांगता म्हणालीस की शरीरात एक निरोप्या असतो, तो दारोदार फिरून निरोप देतो: मेंदूत म्हणतो लक्षात ठेव, तोंडात म्हणतो लाळ सोड, हृदयाला म्हणतो जरा दमाने घे. आणि हे रसायन म्हणजे दारातच खुर्ची टाकून बसलेला पाहुणा. स्वतः काही बोलत नाही आणि निरोप्याला आत येऊ देत नाही. ॲट्रोपिन ही त्याची सख्खी बहीण. मी आजही कोणाला समजावायचं झालं तर तुझाच पाहुणा उधार घेते. आपल्या उंदरांना ते टोचायचं कारण सरळ होतं. मेंदूतला निरोप अडला की उंदीर काही वेळापुरता विसराळू होतो. मग त्याला निरोप्याचा जोर वाढवणारं सरांचं औषध द्यायचं, ज्याला आपण नुसतं 'सातवं' म्हणायचो, कारण आधीची सहा वाया गेली होती. सातव्याने आठवण परत आली तर ते उद्या विसरू लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना देता येईल. मला हे इतकं सुंदर वाटलं होतं की मी पहिले काही महिने रोज लवकर येऊन पिंजरे स्वतः पुसायची. मला वाटायचं की इथे वशिला चालत नाही, इथे कोणाचा बाप कोण हे उंदराला कळत नाही.

सरांचा भूलभुलैया मला अजून डोळे मिटून आखता येईल. लाकडी बोळ, आठ फाटे, त्यातल्या बरोबर फाट्याच्या टोकाला पत्र्याची वाटी आणि वाटीत बिस्किटाचा कोरडा तुकडा. माणूस दिसला की उंदीर बिचकतो, म्हणून आपण पडद्यामागे बसायचो. वेळ संपली की पुढे येऊन फक्त वाटी बघायची. वाटी रिकामी म्हणजे उंदराला वाट आठवली. वाटीत तुकडा तसाच, म्हणजे विसरला. सरांनी हा नियम घालून दिला होता आणि तो इतका सोपा होता की त्याच्याकडे पुन्हा बघावंसं कोणाला वाटलं नाही. स्कोपोलामिन दिलेल्यांची वाटी भरलेली, वर सातवं दिलेल्यांची रिकामी. सर टाळी वाजवून म्हणायचे, "बघा, गेलेली आठवण घरी आली."

मग त्या दुपारी वाट्या धुताना मला तुकड्यांवर दातांच्या खुणा दिसल्या. न खाल्लेल्या म्हणून आपण मोजलेल्या तुकड्यांवर. कडा कुरतडलेल्या, चुरा झालेला, पण खाल्लेला नाही. मी तुला बोलावलं. तू म्हणालीस, "शंकासूर, वाटी धू." तरी तूच पडद्याला टाचणीने भोक पाडलंस, आणि आपण आळीपाळीने एकेक डोळा लावून बघितलं. स्कोपोलामिन टोचलेला उंदीर सोडला. तो सरळ गेला, एकदासुद्धा चुकीच्या फाट्यात वळला नाही, वाटीपाशी बसला, दोन्ही हातांत तुकडा धरून चावला, थांबला, पुन्हा चावला, मग तोंडातून सगळा चुरा बाहेर काढून टाकला आणि वाटीचा थंड पत्रा चाटत बसला. तू डोळा बाजूला न घेता म्हणालीस, "अगं, याला तर तहान लागलीय, आणि आपण म्हणतोय याला वेड लागलंय." मी तुकडा नळाखाली भिजवून पुढच्या उंदरासाठी ठेवला. त्याने तो मिटक्या मारत खाल्ला. नंतरच्या बहुतेकांनीही.

त्यानंतरची कल्पना माझी होती, पण हात आपले दोघींचे होते. कपाटात मिथिल स्कोपोलामिन पडून होतं, तेच रसायन, फक्त शेपटीला असा एक जोड दिलेला की त्याला मेंदूच्या दारातून आत शिरता येत नाही. तोंड कोरडं करतं, आठवणीला हात लावत नाही. ते टोचलेल्या उंदरांनी कोरडा तुकडा खाल्ला असता, तर सर बरोबर. त्यांच्याही वाट्या भरलेल्या राहिल्या. एकामागून एक, सगळ्यांच्या. म्हणजे आपण विसरणं मोजतच नव्हतो. आपण कोरडी तोंडं मोजत होतो. आणि सातव्याने काय होतं, तर तोंडाला पाणी सुटतं. उंदरांच्या हनुवट्या ओल्या असायच्या, ते आपण रोज पुसायचो, आणि तरी आपल्याला उलगडा झाला नव्हता. तू उंदीर धरलेस, मी सुया मारल्या. मंजूर झालेल्या कामाच्या बाहेरचा प्रयोग म्हणून त्याची कुठे नोंद केली नाही. आधी सरांना सांगू, मग रीतसर पुन्हा करू, असं तूच म्हणालीस. त्या दिवशी आपण जिना उतरताना तू माझ्या खांद्यावर हात टाकला होतास. मला वाटलं होतं, विज्ञान म्हणतात ते हेच.

सर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "बाळ, प्रश्न चांगला आहे. चांगले प्रश्न पेपर छापून आल्यावर विचारायचे असतात." मग मला विचारलं, "घरातली पहिलीच ना तू शिकलेली? मग घाई होणारच. जरा रुळू दे." मी तुझ्याकडे बघितलं. तू खिडकीतल्या कुंडीकडे बघत होतीस. सरांनी तुला सरळ विचारलं, "तुझं काय मत?" आणि तू म्हणालीस, "बघावं लागेल, सर." बाहेर आल्यावर मात्र तू माझा हात धरून म्हणालीस की तुझं बरोबर आहे गं, पण माझा सगळा प्रबंध त्या वाट्यांवर उभा आहे, तुला काय, तू नव्याने सुरू करू शकतेस. मला तेव्हा याचा राग आला नाही, यावर माझा मलाच आता विश्वास बसत नाही. मला वाटलं, खरंच, हिचं केवढं नुकसान होईल. तुझ्या घरी आई-वडील दोघं डॉक्टर, भिंतीवर पदव्यांच्या चौकटी. तिथे एक चौकट मागे पडली असती तर कोणी उपाशी राहिलं नसतं, हे त्या दिवशी मला सुचलंच नाही.

पुढचं सगळं इतकं सभ्यपणे झालं! मला उंदरांवरून काढून काचसामानाच्या कोठीत टाकलं, आणि वर्ष संपल्यावर पुढच्या वर्षीच्या नेमणुकांत माझं नाव नव्हतं. मी इथून तासाभराच्या अंतरावर एका शाळेत शिकवू लागले. तुझा पेपर आला, प्रबंध झाला, आणि सातवं माणसांच्या चाचणीला गेलं, तेव्हा तिथलं काम सरांनी तुझ्यावर सोपवलं. मी तुला अभिनंदनाचा निरोप पाठवला होता. मनापासून नव्हता, पण खोटाही नव्हता. मी मनाशी म्हटलं, माणसांवर करतील तेव्हा तरी नीट बघतील, तिथे काय पडद्यामागे बसणार आहेत?

त्याच सुमाराला बाबा विसरायला लागले. आधी गमतीचं होतं. वहिनीला माझ्या नावाने हाक मारायचे, चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचे, आणि वहिनी म्हणायची, "मामंजी, चहात साखर कमी पडली का आठवण?" मग एका सकाळी ते खाकी शर्ट घालून डेपोत जाऊन बसले आणि आपली गाडी अजून का लागत नाही म्हणून तिथल्या माणसांवर रागावले. निवृत्त होऊन किती वर्षं झालीत, तुला माहीत आहे. डेपोवाल्यांनी दादाला फोन केला. दादा त्यांना आणायला गेला, तर ते येईनात. शेवटी दादा म्हणाला की साहेबांनी आज तुम्हाला सुट्टी दिलीय, तेव्हा उठले. मी शनिवारी आले की बाबा मला ओळखायचे, पण मी अजून कॉलेजात आहे असं त्यांना वाटायचं. "पेपर कसे गेले?" विचारायचे. मी म्हणायची, चांगले गेले.

दादाने मला न सांगता तुला गाठलं. त्याने टीव्हीवर सरांना बघितलं आणि त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की हे आपल्या बहिणीच्या लॅबचं औषध. तू त्याला ओळख दाखवलीस, चहा दिलास, म्हणालीस की तुमची बहीण माझ्या हाताखाली तयार झाली, तुमच्या वडिलांना मी चाचणीत बसवते. त्याने मला हे महिनाभराने सांगितलं, असं, जसं वाढदिवसाची भेट द्यावी. "तुझ्यामुळे नंबर लागला बरं का बाबांचा, नाहीतर केवढी रांग आहे!" तू हे चांगुलपणाने केलंस, असं मी धरून चालते. धरून चालते, कारण दुसरं काही धरलं तर पुढचं लिहिता येणार नाही.

मी आले तेव्हा बाबांच्या गळ्यात लहान मुलांना बांधतात तसा नॅपकीन होता. हनुवटी ओली. उशीवर ओला डाग. वहिनी दिवसातून कितीदा तरी नॅपकीन बदलत होती आणि कौतुकाने सांगत होती की औषध लागू पडतंय, मॅडमनी आधीच सांगितलं होतं तोंडाला थोडं पाणी सुटेल म्हणून. खरी गोळी कोणाला आणि नुसती खडूची, खोटी कोणाला हे म्हणे तुम्हालाही माहीत नसतं. नॅपकीन बघितला असतास तर कळलं असतं. आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर हेही लिहायला हवं, की मधल्या काळात बाबांचे काही दिवस चांगले गेले. शेजारच्या सायकलवाल्याला त्यांनी नावाने हाक मारली. ते गोळीने झालं असेल, नुसतंच झालं असेल. मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. जे माहीत करून घ्यायला हवं होतं ते आपण वाट्या बघून ठरवलं, आणि आता माझ्या बाबांच्या हनुवटीवरून ठरवताय.

मी तुला फोन केले. तू उचलले नाहीस. मग मी अशा चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे तक्रार केली. बोलावणं आलं तेव्हा मी शाळेची एकच बरी साडी नेसून गेले आणि लाकडी बाकावर बसून वाट बघितली. आत पाच माणसं होती. मी मिथिल स्कोपोलामिनचा प्रयोग सांगितला, वाट्या, दातांच्या खुणा, भिजवलेला तुकडा, सगळं. त्यांनी विचारलं, नोंद? म्हटलं, नाही. साक्षीदार? म्हटलं, आहे. तुझं नाव मी किती विश्वासाने घेतलं! त्यानंतर तुला आत बोलावलं होतं. अध्यक्षांनी मला तुझं उत्तर वाचून दाखवलं: असा काही प्रयोग झाल्याचं मला आठवत नाही.

झालाच नाही, असं तू म्हणाली असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते. तू म्हणालीस, आठवत नाही. टिपकागद, तुला सगळं आठवतंय. तू बरोबर फाट्याने बरोबर वाटीपर्यंत पोचलीस, तुकडा तोंडातसुद्धा घेतलास, आणि बाहेर काढून ठेवलास. तू विसरलेली नाहीस. सरांचा विषय निघाला की तुझ्या तोंडाला कोरड पडते, एवढंच. आणि समितीही पडद्यामागे बसून फक्त वाटी बघणारी.

तरी अध्यक्ष एवढं म्हणाले, पुरावा मिळाला तर पुढच्या बैठकीत आणा, तोवर तक्रार उघडी राहील. त्यामुळे सरांना आणखी दवाखान्यांत चाचणी नेता येत नाही, हे मला कळलंय. पण ज्यांना गोळ्या सुरू आहेत, त्यांच्या सुरूच आहेत.

त्यानंतर बाबा पडले. सकाळी न्हाणीघरात. दादाने दार मोडून बाहेर काढलं तेव्हा ते घामाने भिजलेले, तोंडातून लाळ गळतेय, आणि नाडी इतकी मंद की दादाला वाटलं संपलं. मी शाळेतून पोचले तेव्हा दवाखान्यातला तरुण डॉक्टर दादाला विचारत होता की कोणती औषधं चालू आहेत, आणि दादाने खिशातून तुमचं पाकीट काढलं, ज्यावर नुसता आकडा. मी म्हटलं, या गोळीने निरोप्याचा जोर जास्त झालाय, ॲट्रोपिन द्या. डॉक्टर म्हणाला, "तुम्ही कोण?" मी काय सांगणार, काचसामानाच्या कोठीतली? म्हटलं, मी यांची मुलगी. त्याने पुन्हा नाडी बघितली आणि ॲट्रोपिन दिलं. तुझ्या त्या दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या पाहुण्याची बहीण बाबांच्या शिरेतून आत गेली आणि यंत्रावरचे ठोके हळूहळू वर चढले. ज्या घराण्याने आपल्या उंदरांना खोटं विसराळू ठरवलं, त्याच घराण्यातल्या औषधाने माझे बाबा परत आले. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकले आणि मला हसू यायला लागलं. थांबेना.

दुपारी बाबा शुद्धीवर होते. वहिनीने त्यांच्या हातात बिस्कीट दिलं. त्यांनी ते चावलं, पुष्कळ वेळ चावलं, मग इकडेतिकडे बघून तोंडातला लगदा हळूच हातावर घेतला आणि कोणाला दिसू नये म्हणून उशीखाली सरकवला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता खायचंसुद्धा विसरले हो." आणि दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ. एक दिवस गोळी चुकली तर ही गत. तुला समजतंय का तू काय बंद करायला निघालीयेस?"

मी पाण्याचा पेला घेतला. पाण्यात बिस्कीट बुडवून बाबांच्या ओठांपाशी धरलं. त्यांनी खाल्लं. दुसरंही खाल्लं. मी दादाला सांगितलं की ते विसरलेले नाहीत, इंजेक्शनने तोंड कोरडं पडलंय, उतरेल थोड्या वेळाने. तो म्हणाला, "सगळं तुलाच कळतं. तुला लॅबमधून काढलं म्हणून औषध वाईट झालं का? मोठ्या मॅडमना विचारलंय मी, म्हणाल्या वय झालं की माणूस पडतो." त्याला दोष देऊ तरी कसा? सरांनी एवढ्या पदव्या घेऊन जी चूक केली तीच त्याने टायरच्या दुकानातून येऊन केली. फरक एवढाच की त्याची आपल्या बापावर माया आहे.

मी बाबांना स्वतः सांगून बघितलंय. ते नीट ऐकतात, मान डोलावतात, म्हणतात, "तू म्हणतेस तर नाही घेणार." संध्याकाळी दादा विचारतो, तेव्हा म्हणतात, "घेतो ना. माझ्या लेकीचं औषध आहे ते." दोन्ही वेळा ते माझ्यावरच विश्वास ठेवत असतात. मी गोळ्या फेकून दिल्या तर दादा नव्या आणेल, आणि मग मला या घरात येऊ देणार नाही, हे त्याने शांतपणे सांगितलंय. रागाने सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

तर आता हे पत्र का, ते लिहिते. दादा माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. सोमवारच्या आत त्याला फोन कर आणि म्हण की तुमच्या वडिलांच्या हृदयाला ही गोळी मानवत नाही, त्यांना चाचणीतून काढलंय. खोटंही नाहीये ते. सरांना कळायची गरज नाही, कारण विचारलं तर वयाचं नाव सांगता येतं, ते तुला येतंच. साक्ष मी आता तुझ्याकडे मागत नाही. बदल्यात मी समितीकडची तक्रार मागे घेते. अर्ज लिहून ठेवलाय, फोन झाल्याचं दादाकडून कळलं की त्याच दिवशी देऊन येईन. कारण विचारतील, तेव्हा मी तुझंच वाक्य वापरेन: असा काही प्रयोग झाल्याचं मलाही आठवत नाही. मग तुमचं सातवं नव्या दवाखान्यांत जाईल, नव्या घरांत जाईल. त्या घरांत कोण राहतं, हे मी विचारणार नाही. पहिल्यांदाच मी काही विचारणार नाहीये, आणि त्याचं बक्षीस म्हणून मला माझे बाबा हवेत. सर म्हणाले होते, जरा रुळू दे. त्यांना सांग, रुळले.

तुझीच म्हणवत नाही, दुसऱ्या कोणाचीही उरले नाही,

शंकासूर